पार्लरमधून परतलेला कुत्रा

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत हल्ली कुत्र्यांच्या 'ग्रूमिंग पार्लर'ना तोटा नाही. अंघोळ, केस कापणे, नखे काढणे, कान साफ करणे हे सारे सोपस्कार दोन-तीन तासांत उरकून कुत्रा चकचकीत होऊन घरी येतो. मात्र काही श्वानपालकांना दुसऱ्याच दिवशी पशुवैद्यकाचा दवाखाना गाठावा लागतो. कुणाच्या कुत्र्याच्या पोटावर लाल चट्टे उठलेले असतात, कुणाचा कुत्रा पाय टेकवत नाही, तर एरवी मायाळू असलेला एखादा कुत्रा ब्रश पाहताच गुरगुरू लागतो. यामागे क्रौर्यापेक्षा घाई आणि अज्ञानच अधिक असते.

सर्वांत मोठा गैरसमज केसांविषयीचा. उन्हाळा लागला, की पॉमेरेनियन किंवा गोल्डन रिट्रीव्हरचा सरसकट 'गोटा' केला जातो. या जातींच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर लांब, राठ केस आणि खाली दाट, मऊ लव. वरचा थर उन्हापासून त्वचेचे रक्षण करतो. माणसासारखा सर्वांगाला घाम येत नसल्याने कुत्रा शरीरातील उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर टाकतो. त्यामुळे केस उतरवले, की त्याला आपल्यासारखे गार वाटेल, हा समज फसवा आहे. उलट उघडी त्वचा उन्हाने भाजते. पॉमेरेनियनसारख्या जातींत तर भादरलेले केस कधीकधी महिनोन्महिने उगवत नाहीत. अर्थात, असा आग्रह पुष्कळदा मालकाचाच असतो. पण त्याला नाही म्हणण्याचे ज्ञान कारागिराकडे असायला हवे.

जिवावर बेतू शकतो तो ड्रायर. कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवून गरम हवेचा झोत सोडायचा आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायचे, ही पद्धत घातक आहे. कुत्र्याचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. ते ४१ च्या वर गेले, की उष्माघाताचा धोका असतो. पग, बुलडॉग, शिह त्झू यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना नीट धापाही टाकता येत नाहीत.

जखमांची कारणे साधी असतात. पावसाळ्यात ओले राहिलेले केस गुंतून जटा होतात. त्या कात्रीने कापताना खाली ओढली गेलेली कातडीही कापली जाते. केस कापण्याच्या मशिनचे पाते सतत चालून तापते व चटका देते. काळ्या नखातील रक्तवाहिनी दिसत नाही, म्हणून नख एकदम खोल कापले, की रक्त येते. टेबलावर गळ्यात पट्टा अडकवून एकटा सोडलेला कुत्रा उडी मारतो, तेव्हा त्याच पट्ट्याचा फास होतो.

पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी केंद्र सरकारने २०१८मध्ये नियम केले. त्यांचा रोख प्राण्यांच्या विक्रीवर आहे. कुत्र्याचे केस कापणाऱ्याने कोणते प्रशिक्षण घेतलेले असावे, हे त्यांत नाही. सेवेतील त्रुटीबद्दल २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते. परंतु त्यासाठी पावती, जखमेची छायाचित्रे आणि पशुवैद्यकाचा त्याच दिवशीचा लेखी अहवाल हाती हवा. घरी आल्यावर रिबीन पाहण्याआधी कानांच्या मागे, काखेत आणि पंजांच्या मधे हात फिरवून पाहावा. जखमा बहुधा तिथेच लपलेल्या असतात.