कोकम : लागवडीपूर्वी घ्यावयाची दक्षता

कोकण, गोवा व कर्नाटकाच्या किनारपट्टीत वाढणारा कोकम हा सदाहरित वृक्ष होय. त्याच्या फळांपासून आमसुले व आगळ, तर बियांपासून पायांच्या भेगांवर गुणकारी कोकमतेल मिळते.

मात्र कोकमात नर व मादी झाडे स्वतंत्र असतात. बियांपासून केलेली रोपे लावल्यास सुमारे निम्मी नर निघतात आणि हे फुलोरा आल्यावरच, म्हणजे सहा-सात वर्षांनी कळते. तोवरचा खर्च व श्रम वाया जातात. यास्तव मादी झाडापासून केलेली मृदुकाष्ठ कलमे खात्रीच्या रोपवाटिकेतून घ्यावीत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' ही जात विकसित केली आहे.

पावसाळ्याच्या आरंभी ६ मीटर अंतरावर लागवड करावी. परागीभवनासाठी मात्र दहांत एक नर झाड अवश्य राखावे.