कातलेलं पेन – लेखांक ६ : नळी सातची, भोक केवढं?

मागच्या लेखात ठोकळे कापून, टोकांवर कर्ण आखून मध्य काढून ठेवले होते. आता भोक पाडायचं. किट विकत घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : बिट कुठलं आणू? उत्तर किटबरोबरच्या कागदावर छापलेलं असतं. स्लिमलाइनला ७ मिमी, सिगारला १० मिमी, सिएराला २७/६४ इंच. तरीही त्या कागदाप्रमाणे बिट आणून किटमधली पितळेची नळी अर्ध्यात अडकलेली, नाहीतर भोकात खुळखुळणारी, असे दोन्ही प्रकार वर्कशॉपात नेहमी दिसतात.

याचं कारण असं की छापलेला आकडा बिटाचा असतो. भोकाचं माप ते बिट, तुमचं चक, बिटाची धार आणि समोरचं लाकूड मिळून ठरवतात. नीट प्रमाणात बनवलेलं ७ मिमीचं बिट सातपेक्षा जाड नसतंच. उलट ते ०.०२२ मिमीपर्यंत बारीक असलेलं चालतं. भोक मात्र सहसा सातच्या वर जातं. चकात बिट जरा लपकत फिरत असेल तर जातंच, पण जास्त वेळा दोष धारेत असतो. ग्राइंडरवर हाताने धार लावलेल्या बिटाच्या दोन कडा समान राहत नाहीत, टोक मध्यापासून सरकतं आणि लांब कड जादा लाकूड खरवडत जाते. म्हणून पेनसाठीची बिटं वेगळ्या डबीत ठेवावीत आणि घरातल्या भिंतीच्या कामांना देऊ नयेत.

आता नळीचं माप. व्हर्नियर लावून नळी तीन-चार जागी मोजा. 'सातची' म्हणून विकलेली नळी सातला थोडी कमीच भरते. भोक या मोजलेल्या मापापेक्षा ०.१ ते ०.१५ मिमी मोठं असावं. सुतारकामात वाढलेल्या माणसाला हे पटायला जड जातं. घट्ट बसलेला सांधा म्हणजे चांगला सांधा, हे त्याच्या हातात मुरलेलं असतं. इथे मात्र नळी धरून ठेवण्याचं काम गोंदाचं आहे आणि गोंदाला जागा लागते. जागाच नसेल तर आत जाणारी नळी सगळा गोंद भोकाच्या तोंडाशी पुसून टाकते आणि आत कोरडी राहते. ठोकळा कातताना छिन्नीचा दाब आला की नेमकी तिथेच कपची उडते. त्यातून गोंद फेविक्विकच्या जातीचा असेल तर नळी दोन तृतीयांश आत गेल्यावर जी थांबते ती ना पुढे सरकत, ना मागे. तो ठोकळा टाकूनच द्यावा लागतो. अराल्डाइटसारखा सावकाश घट्ट होणारा इपॉक्सी लावला की नळी फिरवत फिरवत सरकवायला निवांत वेळ मिळतो. फट थोडी जास्त झाली तरी तो ती भरून काढतो. मी लाकडासाठी इपॉक्सीच वापरतो.

सैलपणालाही मर्यादा आहे. स्लिमलाइनचा ठोकळा टोकाशी कातून साधारण साडेआठ मिमीपर्यंत येतो. त्यात सातचं भोक धरलं तर भिंत उरते पाऊण मिमी. भोक ७.४ झालं की ती जवळपास अर्ध्या मिमीवर येते. शिसवासारख्या गडद लाकडात हे कळतही नाही. फिक्या, अर्धपारदर्शक रेझिनमध्ये मात्र पितळेची पिवळट झाक बाहेर दिसते. गोंदात राहिलेले हवेचे बुडबुडेसुद्धा दिसतात. अशा ठोकळ्यात भोकाच्या आतून आणि नळीला बाहेरून रंग देतात, पण भोक आधीच मोठं असेल तर रंगही फार झाकू शकत नाही.

दुकानात गेल्यावर गोंधळ होतो तो इंचांचा. मुंबईत नागदेवीला किंवा पुण्यात बोहरी आळीत मिमीची बिटं दशांशाच्या पायरीने मिळतात : ७.०, ७.१, ७.२. सुतात बोलणाऱ्या दुकानदाराला 'तीन सूत' म्हटलं की तो ३/८ इंचाचं, म्हणजे साडेनऊ मिमीचं बिट काढून देतो. बोल्ट अ‍ॅक्शन जातीच्या किटना तेच लागतं. २७/६४ मात्र सुतात बसत नाही. त्यासाठी परदेशातून महागडं बिट मागवायची काही गरज नाही. २७ भागिले ६४ गुणिले २५.४ म्हणजे १०.७१६ मिमी. तुमच्या समोर १०.७ चं बिट असेल तर फरक ०.०१६ मिमीचा आहे आणि एवढा फरक बिट फिरवतानाच विरून जातो. दुकानदार '१०.५ घ्या, चालतंय' म्हणाला तर नळी जाणार नाही. ११ घेतलं तर पाव मिमीहून जास्त फट पडेल. १०.७ साठी दोन दुकानं जास्त फिरायला हरकत नाही.

अमेरिकन माहितीपत्रकांत अक्षरांची मापंही येतात. जे म्हणजे ७.०४ मिमी, ओ म्हणजे ८.०३. अ‍ॅक्रिलिकमध्ये सातचं भोक घट्ट होतं म्हणून तिकडचे लोक 'जे' बिट वापरतात, आपल्याला ७.१ पुरतं. अ‍ॅक्रिलिक घट्ट का होतं? घर्षणाने ते तापून फुगतं, त्या फुगलेल्या अवस्थेत भोक पडतं आणि थंड झाल्यावर किंचित आक्रसतं. वेग कमी ठेवावा, पाच-सात मिमी आत गेलं की बिट बाहेर काढून चुरा झाडावा आणि नळी बसवून बघण्याआधी ठोकळा पूर्ण थंड होऊ द्यावा. घाईत गरम भोकात नळी घालून 'बसतेय' म्हणणाऱ्याची नंतर फजिती होते.

लाकडाची गोष्ट वेगळी. कोकणात पावसाळ्यात पाडलेलं भोक मार्चमध्ये त्याच मापाचं राहत नाही. लाकूड वाळून आखडतं, पितळ आखडत नाही आणि आबनुसासारखं घट्ट लाकूड मग नळीवर तडकतं. अशा लाकडाला फट थोडी जास्तच ठेवावी आणि भोक पाडल्यावर ठोकळा काही दिवस तसाच वाळू द्यावा.

राजमुंद्रीच्या रत्नम पेनसारख्या एबोनाइटच्या कामात हा नळीचा प्रश्नच येत नाही. तिथे आटे थेट दांड्यात पाडतात आणि भोक टॅपवरून ठरतं : टॅपच्या मापातून पिच वजा. ८ मिमीचा टॅप आणि ०.७५ ची पिच असेल तर ७.२५.

आपल्या कामाला परत येऊ. कुठलंही नवं बिट आधी त्याच लाकडाच्या टाकाऊ तुकड्यात, त्याच चकात, त्याच वेगाने चालवून बघा. कोरडी नळी बोटाने ढकलून आत गेली पाहिजे आणि उभं धरल्यावर आपोआप खाली घसरता कामा नये. हातोडी घ्यावी लागली तर बिट दशांशाने वाढवा. घसरली तर आधी बिटाची धार आणि चक तपासा, माप नंतर बदला.

भोक खऱ्याच ठोकळ्यात मोठं झालं असेल आणि लाकूड टाकवत नसेल, तर नळी खरखरीत कागदाने घासून तिच्यावर इपॉक्सीचा एक पातळ थर सुकू द्यावा. पुन्हा हलकं घासून दुसऱ्या थरासह ती भोकात बसवावी आणि ठोकळा रात्रभर उभा ठेवावा, म्हणजे नळी एका अंगाला कलत नाही. पुढच्या आठवड्यात नळी बसलेल्या ठोकळ्यांची टोकं काटकोनात आणू.