इंग्रजी धावते, मराठी चालते

‘रन म्हणजे धावणे’ हे आपण सगळ्यांनीच शाळेत घोकलेले असते. पुढे आयुष्यभर हा शब्द पावलोपावली भेटतो, पण धावताना मात्र क्वचितच दिसतो.

ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत अर्थांच्या संख्येत पहिला मान ‘सेट’ या क्रियापदाला होता. त्याचे अर्थ ४३०! पुढे नव्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर या कोशकारांनी ‘रन’ हाती घेतला. नऊ महिने ते त्यापायी खपले. २०११ मध्ये आकडा जाहीर झाला, तो ६४५. आणि हे नुसत्या क्रियापदाचे!

यातले पुष्कळ अर्थ यंत्रयुगाने आणले. इंजिन, कारखाना, घड्याळ आणि आताचा संगणक, इंग्रजीत सारे ‘रन’ करतात. मला गंमत वाटते ती आपल्या मराठीची. इंग्रजी जिथे धावते, तिथे ती शांतपणे चालते. घड्याळ चालते, पंखा चालतो, दुकान चालते, नाटक चालते. आणि महिनाअखेरीस गृहिणी घर चालवते, तेही चालवतेच! नदी आणि सर्दीचे नाक ‘रन’ होते, आपल्याकडे दोन्ही वाहतात. लुगड्याचा कच्चा रंग ‘रन’ होतो, आपल्याकडे तो जातो. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीत ‘रन’ करतो, इंग्लंडातला मात्र उभा राहतो. आपलाही उभाच राहतो!

क्रिकेटमध्ये तेवढे आपण शब्दाला शब्द ठेवला. चौकार गेला की फलंदाज जागचा हलत नाही, तरी त्याच्या नावावर चार ‘धावा’ लागतात.

आता उलट पाहा. “चहा चालेल का?” “चालेल की!” यातले चालणे इंग्रजीत ‘वॉक’ करून कसे चालेल? पण एका शब्दाला एकच अर्थ शिकलेले मूल करणार काय? ते सरळ लिहिते, की काका दुकान ‘वॉक’ करतात. वहीवर तांबडी रेघ उमटते, घरात हसू होते आणि पोर इंग्रजीला कायमचे बिचकते. वास्तविक त्याचे डोके ठिकाणावर असते. ते मराठीत अगदी बरोबर विचार करत असते.

म्हणून आईबापांना माझे एवढेच सांगणे आहे : मुलांकडून शब्द सुटा पाठ करून घेऊ नका. माणूस जसा त्याच्या गोतावळ्यात कळतो, तसा शब्द वाक्यात कळतो. रोज एक वाक्य शिकवा. सावकाश चालले तरी चालेल!