शाश्वत वनव्यवस्थापन म्हणजे कुऱ्हाडबंदी नव्हे

शाश्वत वनव्यवस्थापन म्हटले की जंगलाला कुंपण आणि कुऱ्हाडीला बंदी, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच की जंगल जेवढे वाढते, त्याहून अधिक काढायचे नाही. वासरापुरते दूध राखून धार काढतात, तसेच हे.

गोदावरी खोऱ्यातल्या, गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये ग्रामसभेने स्वतः बांबू विकला. बांबूची नीट तोड म्हणजे बेटातले जुने, पक्व बांबू काढायचे आणि पावसाळ्यात फुटलेले कोंब राखायचे. काहीच न तोडल्यास बेट दाटते, नवे बांबू वेडेवाकडे वाढतात. म्हणजे सरसकट बंदीही नेहमी जंगलाच्या हिताची नसते.

जंगल असे राखण्याशी हवामानबदलाचाही संबंध येतो. हवा तापते तशी ती जास्त बाष्प धरते आणि पाऊस कमी वेळात जोराने कोसळतो. पालापाचोळ्याखालची जमीन त्यातला बराचसा मुरवते. उघड्या उतारावर मात्र अपधाव (न मुरता वाहून जाणारे पाणी) वाढतो आणि मातीही नदीत जाते. तरीही जमीन पाण्याने तुडुंब भरल्यावर येणारा महापूर दाट जंगलालाही अडवता येत नाही.