अण्णांचे इंजिन आणि सात तारा

आमचे थोरले बंधू अण्णा चाळीस वर्षे सोलापुरात कापडाच्या दुकानाच्या गादीवर बसले. एवढ्या काळात त्यांनी केवळ स्वतःसाठी म्हणून जपलेली वस्तू एकच. ते म्हणजे वीतभर लांबीचे एक डिझेल इंजिन. 1996 साली त्यांचे मेहुणे अमेरिकेहून आले तेव्हा त्यांनी ते भेट दिले होते. अण्णांचे बालपण बार्शीत गेले. बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांवरून धावणाऱ्या गाडीने त्यांच्या मनात जे घर केले, ते ती लाइन ब्रॉडगेज झाल्यावरही सुटले नाही. दुकान बंद करून आल्यावर ते कधीतरी माळ्यावर गोल रूळ मांडीत, दोन-चार फेऱ्या पाहत आणि इंजिन पुन्हा मऊ कापडात गुंडाळून ठेवीत.

गेल्या दिवाळीत त्यांच्या नातवाने दिवाणखान्यात नवा रेल्वे संच मांडला. तो डिजिटल पद्धतीचा होता. त्याने मोठ्या उत्साहाने आजोबांचे इंजिन त्या रुळांवर ठेवले. ते जागचे हलले नाही. डासाने कानाशी गुणगुणावे तसे वाजत राहिले आणि पाहता पाहता गरम झाले. काचबिंदूमुळे अण्णांची दृष्टी आता फार अधू झाली आहे, पण तो आवाज त्यांना बरोबर ऐकू आला. "राहू दे रे, म्हातारं झालंय ते," एवढेच ते म्हणाले. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. हाती वेळ होता. इंजिन मी रुमालात बांधून पुण्याला घेऊन आलो.

इंजिनात बिघाड असा नव्हताच. या आकाराच्या प्रतिकृतींना एचओ म्हणतात. त्यांचे प्रमाण 1:87 असते. खऱ्या स्टँडर्ड गेजचे 1435 मिलिमीटर 87ने भागले की या रुळांमधले साडेसोळा मिलिमीटर अंतर येते. (भागाकार मी करून पाहिला, बँकेची सवय.) पुण्यातील कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालयात वाचकांपैकी अनेकांनी मुलाबाळांसह अशा गाड्या धावताना पाहिल्या असतील. जुन्या पद्धतीत रुळांतून साधारण 12 व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह सोडतात. व्होल्ट वाढवले की वेग वाढतो, धन-ऋण बाजू उलटवल्या की गाडी मागे जाते. त्यामुळे एका रुळावर दोन इंजिने ठेवली तर दोन्ही एकाच हुकमाने चालतात. डिजिटल पद्धतीत रुळांत वीज सदैव पूर्ण दाबाने असते, मात्र ती क्षणोक्षणी दिशा बदलते. त्या बदलांच्या लांबीतच संदेश दडलेला असतो. 58 मायक्रोसेकंदांचा ठोका म्हणजे 'एक', सुमारे 100 किंवा अधिक मायक्रोसेकंदांचा म्हणजे 'शून्य'. प्रत्येक इंजिनातील डीकोडर नावाचा चिमुकला बोर्ड हे संदेश वाचतो, त्यांतून आपल्या क्रमांकाचा तेवढा उचलतो आणि मोटरला वीज देतो. जर्मनीतील लेन्झ यांच्या पद्धतीवर आधारून अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने 1990च्या दशकात याचे मानक ठरवले. म्हणूनच एका कंपनीचा डीकोडर दुसरीच्या इंजिनात बसतो. अण्णांच्या इंजिनात डीकोडर नव्हता. सतत दिशा बदलणारी वीज थेट मोटरमध्ये शिरली. मोटर पुढे जावे की मागे या पेचात गुणगुणत आणि तापत राहिली.

मुलगा परदेशातून आला तेव्हा त्याच्याकडून दोन डीकोडर मागवून घेतले. सोल्डरिंगची बारीक टोकाची 25 वॉटची इस्त्री, उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप आणि आकसणारी नळी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ मिळाली. कवच काढले. आतील सांगाडा जस्ताच्या मिश्रधातूच्या दोन उभ्या अर्धभागांचा होता. मध्ये प्लास्टिकच्या चकत्या आणि जोडायला नायलॉनचे स्क्रू. वर जुना सर्किट बोर्ड; त्यावर काही डायोड आणि दोन्ही टोकांना दिव्याचे बल्ब. तारा जवळजवळ नव्हत्याच. सांगाडा हीच तार होती. एक अर्धभाग उजव्या रुळाची वीज आणी, दुसरा डाव्या रुळाची, आणि मोटरच्या दोन पितळी पट्ट्या या दोन भागांना आतून टेकलेल्या. जुन्या काळासाठी फार सुटसुटीत योजना.

डीकोडरला सात तारा होत्या. लाल तार उजव्या रुळाची, काळी डाव्या. नारिंगी आणि करडी मोटरच्या. पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या, आणि निळी दोन्ही दिव्यांची सामाईक धन बाजू. वाचताना हे सरळ वाटते. खरी मेख एकच आहे. मोटरच्या दोन पट्ट्यांचा रुळांशी, म्हणजेच सांगाड्याशी, कणभरही संबंध उरता कामा नये. मोटरने आपली वीज फक्त डीकोडरच्या हातून घ्यायची. व्यापारी घरांतील वाचकांना हे समजावून सांगावे लागणार नाही. दुकानाचा गल्ला आणि घरखर्चाची पिशवी यांच्या मध्ये चोरवाट राहिली की वर्षअखेर हिशेब कोणाच्याच हाती राहत नाही. इथे वर्षअखेरीपर्यंतही थांबावे लागत नाही.

हे मला ठाऊक होते, तरी पहिला डीकोडर मी जाळला. दोन्ही पट्ट्या सांगाड्यापासून दूर वाकवल्या, तारा जोडल्या, टेप एकाच पट्टीवर लावली. दुसरी पुरेशी दूर दिसत होती. कवच दाबून बसवताना ती पुन्हा सांगाड्याला टेकली असावी. आणखी एक घाई केली. प्रोग्रॅमिंग ट्रॅक म्हणून जो वेगळा रूळ असतो, त्यात वीज मुद्दाम अगदी बेताची सोडतात; जोडणी चुकली तरी डीकोडर बहुधा वाचतो. तो मांडण्याचा आळस करून मी इंजिन थेट मुख्य रुळावर ठेवले. इंजिन एकदा थरथरले, कवचाच्या फटीतून धुराची बारीक रेघ निघाली आणि जळक्या प्लास्टिकचा वास खोलीभर पसरला. रुळांतील वीज मोटरच्या वाटेने उलट डीकोडरमध्ये शिरली होती.

एकच डीकोडर शिल्लक राहिला. चौतीस वर्षे बँकेत काढून मी साधा नियम विसरलो होतो. व्हाउचर लिहिणाऱ्याने ते स्वतः पास करायचे नसते. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा. मी सारे सामान घेऊन सोलापूर गाठले आणि अण्णांना तपासणीस नेमले. ज्यांना तार दिसत नाही ते काय तपासणार, असे घरात सर्वांना वाटले. पण मल्टीमीटरला आवाजाची सोय असते. दोन टोकांमध्ये वीज जाण्याजोगा मार्ग असला की तो वाजतो. अण्णांचे कान अजून शाबूत आहेत.

या वेळी इंजिन पूर्ण उघडले. दोन्ही पितळी पट्ट्यांवर कॅप्टॉन टेपचे दोन-दोन थर दिले आणि सांगाड्यात त्यांच्या बसण्याच्या जागीही टेप लावली. जस्ताच्या सांगाड्यावर सोल्डर नीट धरत नाही. धातू उष्णता ओढून घेतो आणि जोड कच्चा राहतो. म्हणून लाल आणि काळ्या तारेच्या टोकांना छोट्या कड्या जोडून त्या जुन्या बोर्डाच्याच स्क्रूंखाली आवळल्या. जुना बोर्ड काढून टाकला. त्यावरील डायोडांमधून मंद वीज मिळणाऱ्या बल्बांचा आता उपयोग नव्हता. त्यांच्या जागी एलईडी आणि प्रत्येकाला एक हजार ओहमचा रेझिस्टर. मोटरच्या पट्ट्यांवर सोल्डर करताना टोक दोन-तीन सेकंदांहून अधिक टेकवले नाही, कारण मागचे प्लास्टिक मऊ पडते.

मग तपासणी. डीकोडर अजून जोडलेला नव्हता; त्याच्या तारा सर्वांत शेवटी. मी एक टोक उजव्या चाकावर धरले, दुसरे लाल तारेच्या कडीवर. "वाजलं," अण्णा म्हणाले. तिथे वाजायलाच हवे होते. डावे चाक आणि काळी कडी, वाजले. मोटरची नारिंगी बाजू आणि सांगाडा, शांत. करडी बाजू आणि सांगाडा.

"शांत," मी म्हणालो.

"थांब. कुरकुरलं," अण्णा म्हणाले. "पुन्हा लाव."

मला काहीच ऐकू आले नव्हते. पुन्हा लावले, इंजिन किंचित कलते केले, तेव्हा मलाही अगदी क्षणभराची किरकिर ऐकू आली. भिंग घेऊन पाहिले. पट्टी वाकवताना सुटलेला केसासारखा पितळी कण टेपच्या कडेला चिकटून सांगाड्याला टेकत होता. तो ब्रशने काढला. अण्णांनी मला तीच जागा आणखी पाच वेळा तपासायला लावली आणि मगच "पास" म्हटले.

डीकोडर जोडला. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर त्याने आपला क्रमांक 3 सांगितला. कारखान्यातून बहुतेक डीकोडर हाच क्रमांक घेऊन येतात. अण्णांनी तो बदलून 41 करायला सांगितले. तो आमच्या दुकानाच्या गाळ्याचा क्रमांक. मग नातवाने इंजिन मुख्य रुळावर ठेवून नियंत्रकाची चकती हळूच फिरवली. गुणगुण नाही. पुढचा पांढरा दिवा लागला, तो अण्णांनाही दिसला, आणि इंजिन निघाले. मागच्या दिशेने. दिवा पुढे आणि चाल मागे म्हणजे नारिंगी आणि करडी तारेची अदलाबदल झाली होती. मोटर उलटी करून सोल्डर केले तेव्हा डावे-उजवे मीच चुकवले होते. या चुकीने डीकोडरला धोका नसतो, पण दुरुस्तीसाठी कवच पुन्हा उघडावे लागते. मी पेचकस उचलला.

"आज नको उघडू," अण्णा म्हणाले. "उलटं तर उलटं. अजून दोन फेऱ्या होऊ देत."