अश्वगंधेच्या मुळाशी

अश्वगंधेचं मूळच विकलं जातं, त्यामुळे जमिनीखाली काय चाललंय याला या पिकात दुप्पट महत्त्व. स्फुरद मातीत जवळजवळ हलत नाही. मुळाभोवतीचा काही मिलिमीटरचा साठा संपला की झाड उपाशी राहतं. तिथे मायकोरायझा ही बुरशी कामाला येते. तिचे तंतू मुळाच्या केसांहून बारीक असतात, त्यामुळे ते लांबवर शिरून स्फुरद आणतात. मोबदल्यात झाड साखर देतं. निळा रंग देऊन मूळ सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर पेशीच्या आत चिमुकल्या झुडपासारखी फांद्या फुटलेली बुरशी दिसते. देवाणघेवाण तिथेच होते.

अडचण अशी, की ही बुरशी जिवंत मुळांवाचून वाढत नाही. म्हणून तिचं विरजण मका-ज्वारीच्या मुळांवर तयार करतात. थरच्या वाळवंटातील झुडपांच्या मुळांशी सापडलेली, 1998 साली नोंदवलेली पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका ही बुरशी मात्र प्रयोगशाळेत सहज वाढते, आणि अश्वगंधेवर तिचे चांगले परिणाम दिसले आहेत.

नुसती वाढ पाहून हुरळून जाऊ नये. औषधाचा गुण विथॅनोलाइड या संयुगांत असतो; मूळ जाड झालं म्हणजे ती वाढलीच असं नाही, तपासावीच लागतात.

वापर सोपा आहे: विरजण बियाण्याला चोळा किंवा रोपाच्या मुळाशी द्या. सोबत बुरशीनाशक नको, स्फुरदाचा भडिमारही नको. आयतं मिळालं तर झाड बुरशीला विचारत नाही. आणि दुकानातलं पाकीट पत्र्याखाली तापत पडलेलं असेल, तर घेऊच नका.