विश्वासाचा पैसा, भाग ६ : खटल्यासाठी जमवलेला निधी ठेवायचा कुठे?

मागच्या भागात न्यासाची हिशेबवही पाहिली. या आठवड्याचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. कायदेशीर मदतीसाठी लोकांनी आगाऊ भरलेली वर्गणी वापरात येईपर्यंत कुठे असावी?

अमेरिकेत आधी वर्गणी घेऊन गरजेला वकील देणाऱ्या ना-नफा संस्थांना टेक्सास राज्याने विमा कायद्यातच स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. पैसा आज घ्यायचा आणि सेवा पुढे कधीतरी द्यायची, हे विम्यासारखंच. भारतात वकिलाला वकील नसलेल्या कुणाशी फी वाटून घेता येत नाही, म्हणून ती योजना इथे जशीच्या तशी चालणार नाही. पण एखाद्या सार्वजनिक न्यासाने वर्गणी जमवून गरजूंच्या खटल्याचा खर्च उचलला, तर त्या पैशाला १९५०चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होतो.

खटले लांबतात, हे वसईला सांगायला नको. वसई-विरार महापालिका २००९ मध्ये झाली आणि तिच्यातून २९ गावं वगळण्याचा वाद त्यानंतर कितीतरी वर्षं उच्च न्यायालयात राहिला. इतका काळ पैसा घरच्या कपाटात ठेवता येत नाही.

याच विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ३५ सांगतं, की लगेच खर्च होणार नसलेली रक्कम अनुसूचित बँक, टपाल बचत बँक, शासनमान्य सहकारी बँक किंवा सरकारी रोख्यांत ठेवा. वेगळी वाट धरायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी हवी. जास्त व्याज देणारी ओळखीची पतपेढी या यादीत नाही आणि तिथल्या ठेवीला केंद्राचा ठेव विमाही नाही.

तरीही यादी पाळली म्हणजे काम संपलं, असं नाही.

२३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेवर निर्बंध घातले. सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. ही बँक अनुसूचितच होती. पण तिच्या कर्जांपैकी सुमारे ७० टक्के कर्ज एचडीआयएल या एकट्या बांधकाम समूहाकडे अडकलं होतं. जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तेव्हा संस्थात्मक ठेवीदारांच्या विमा नसलेल्या रकमेपैकी ८० टक्के हिस्सा १ टक्का लाभांशाच्या प्राधान्य समभागांत बदलला गेला. समभागांवर वकिलाची फी भागत नाही.

म्हणून विश्वस्तांनी दोन गोष्टी कराव्यात. पहिली म्हणजे विभागणी. फेब्रुवारी २०२० पासून ठेव विमा ५ लाखांचा आहे. तो एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून आणि मुद्दल-व्याज धरून मोजतात. १२ लाख एकाच बँकेत ठेवले तर ७ लाख उघड्यावर. तीन बँकांत चार-चार लाख ठेवले तर व्याजासकट कवच मिळतं.

दुसरी म्हणजे मुदत. मुदत ठेवींच्या तीन पावत्या टेबलावर मांडा. एक सहा महिन्यांची, एक वर्षाची, एक दोन वर्षांची. शेजारी खटल्याचा अंदाजे खर्च लिहा: कोर्ट फी, प्रमाणित नकला, सातबारा, मोजणी, वकिलाची फी. सहा महिन्यांत लागणारा पैसा दोन वर्षांच्या पावतीत असेल, तर ती पावती वेळेआधी मोडावी लागेल आणि व्याज कमी मिळेल. पावत्या आपोआप नूतनीकरणाला टाकल्या असतील, तर तो पर्याय आधी तपासावा. ठेव कुठे आणि का ठेवली, याचा ठराव इतिवृत्तात असावा.

पुढच्या आठवड्यात : सर्व विश्वस्तांच्या सहीशिवाय पावती मोडता येते का?